दूध बंद करून इमॅजिकाला जायचं नाही

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कराडची. मिस्टर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहेत, पगार हातात २७ हजार. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, त्यातून महिन्याला चार-पाच हजार सुटतात. घरात सासूबाई (वय ६७), मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. यंदा, २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या दोन मैत्रिणी खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आल्या. तेव्हापासून घरात तोच विषय. पुढच्या दिवाळीला नेऊ, असं मी बोलून बसले. नणंद पनवेलला असते, हे दरवर्षी भाऊबीजेला तिच्याकडे जातातच, त्यामुळे राहायचा प्रश्न नाही. पण शेजारच्या म्हणतात, पाच जणांना तीस हजार कुठे गेले नाहीत.

डब्यात पैसे टाकते, पण महिनाअखेरीला सिलिंडर नाहीतर दवाखाना येतो आणि डबा रिकामा होतो. माझं संध्याकाळचं दूध बंद केलंय. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेही पुढे ढकललंय. रविवारी बाहेरून काहीतरी येतं, त्यात पाच-सहाशे जातात. मुलांना रोज दहा रुपयांचं एकेक पाकीट लागतं. मोबाईल तीन, ओटीटी दोन. ह्यांचा टपरीवरचा चहा आणि तंबाखूची पुडी मिळून रोजचे साठ रुपये जातात, पण त्यावर बोललं की वाद होतो, तेव्हा ते सोडून सांगा. आणखी कुठे काटकसर करू? एका पतसंस्थेचा पिग्मीवाला मागे लागलाय, तिथे पैसे घालू का?
— एक आई, कराड

उत्तर

ताई, आधी दूध सुरू करा आणि याच आठवड्यात चष्मा करून घ्या. मग इमॅजिकाचं बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाच माणसांच्या घरात सहलीसाठी आतापर्यंत कोणी काय सोडलं, याची यादी केली तर तीत एकच नाव येतं, तुमचं. रविवारचं पार्सल चालू, पाकिटं चालू, दोन्ही ओटीटी चालू, टपरी चालू. बंद काय, तर तुमचा दुधाचा पेला आणि तुमचा चष्मा. वर विचारता, आणखी कुठे काटकसर करू? तुमच्यात आता काटायला काही उरलेलं नाही, बाई. पोटाला चिमटा घ्यायचाच असेल तर तो सगळ्या घराने थोडा थोडा घ्यायचा.

चष्म्याचं तर निव्वळ व्यवहाराने बघा. तुम्ही शिवणकाम करता. अस्तराच्या ब्लाऊजला हूक-आय लावताना, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने तुरपाई करताना नंबर चुकीचा असेल तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. एक बाही उलटी लागली, उसवली, पुन्हा लावली की त्या ब्लाऊजची अर्धी मजुरी गेली. साधी फ्रेम आणि काचा मिळून हजार-दीड हजारात काम होतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, म्हणजे तुमच्या वर्षातले कमाईचे महिने आता दारात आहेत. ते जुन्या चष्म्याने काढू नका.

जाता जाता एक विचारते. ब्लाऊजची मजुरी शेवटची कधी वाढवलीत? दोरा, अस्तर, हूक सगळं महागलं असेल आणि मजुरी तीच असेल, तर नव्या लग्नसराईपासून ब्लाऊजमागे तीस रुपये वाढवा. महिन्याला वीस ब्लाऊज शिवत असाल तर सहाशे रुपये झाले. दोन-चार जणी कुरकुर करतील, एखादी दुसरीकडे जाईल, आणि तिकडे चोळी बिघडली की परत येईल. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या वाढीतून चष्मा निघतो. त्याला सहलीच्या पैशाला हात लावायची गरज नाही.

आता तीस हजारांचं बघू. शेजारणींचा आकडा गाडी भाड्याने करून, हॉटेलात राहून जाणाऱ्यांचा असावा. तुमचं तसं नाही. तुम्ही भाऊबीजेला नणंदेकडे जाणार, आणि तिथून इमॅजिका एका दिवसाचं काम आहे. तुमच्या सहलीतली सगळ्यात मोठी बचत ही आहे, आणि ती तुमची आयतीच झालेली आहे.

तारखाही जुळतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून दिवाळी उशिरा येते. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी, आणि भाऊबीज ११ तारखेला, बुधवारी. पाडवा घरी करायचा, बुधवारी सकाळच्या एसटीने निघायचं, संध्याकाळी ओवाळणी. गुरुवारी १२ तारखेला इमॅजिका. शुक्रवारचं पुढे सांगते. शनिवारी परत. शनिवार-रविवार पार्कात काढायचा नाही, कारण गर्दीच्या दिवशी तिकीट महाग आणि रांगा लांब, म्हणजे जास्त पैसे देऊन कमी झुल्यांत बसायचं. मिस्टरांना वर्कशॉपची दिवाळीची सुट्टी किती मिळते ते आत्ताच विचारून ठेवा. एखादी रजा जोडावी लागेल.

आता प्रवास. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण पाच जणांना मिळून ते किती पडतं, हे कोणी मांडत नाही. तुम्ही, सासूबाई आणि मुलगी महिला म्हणून अर्ध्यात. मुलगा बारा वर्षांच्या आतला, तोही अर्ध्यात. पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं. म्हणजे पाच माणसं तीन तिकिटांत. साध्या गाडीने पाचही जणांचे जाऊन-येऊन तीन हजार धरा. दिवाळीतली गर्दी बघता आरक्षण आधीच करा. सासूबाईंना स्वारगेटपर्यंत उभ्याने न्यायचं नाही.

पार्काच्या तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो आणि सवलतीही येत-जात असतात. म्हणून खरा आकडा ज्या दिवशी काढाल त्या दिवशीचाच. त्यात जीएसटी धरलेला आहे की वर लागणार, तेही बघा. हिशोबापुरते मी मोठ्यांना १,७०० आणि लहानाला १,३०० धरते. अशा पार्कांत लहान मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. तुमची आठवीतली लेक मोठ्यांच्या तिकिटात जाईल असंच समजा. धाकट्याला दाराच्या चौकटीला उभा करून आज पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा करा. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. तिकिटापुरतंच नाही, झुल्यांनाही उंचीच्या अटी आहेत. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला तो बसणार नाही, हे त्याला घरीच सांगितलेलं बरं. नाहीतर ताई वर किंचाळतेय आणि हा खाली भोकाड पसरतोय, असा अर्धा तास तुमच्या वाट्याला येईल.

तर चौघांची तिकिटं ६,४००. एसटी ३,०००. पनवेलहून पार्कपर्यंत जायला-यायला गाडी २,०००. आतलं खाणं २,०००. लॉकर, पार्किंग, सटरफटर ५००. नणंदेकडे न्यायचं आणि ओवाळणी १,०००. मुलांच्या हातात प्रत्येकी ५००, म्हणजे १,०००. शुक्रवारच्या फिरण्याला १,५००. बेरीज १७,४००. अडीअडचणीला आणखी १,६०० धरले की १९ हजार. बारा महिन्यांवर टाकलं तर महिन्याला १,६०० रुपये. तीस हजार ऐकून तुमची छाती दडपली होती, आणि दडपलेला माणूस आधी स्वतःचंच दूध बंद करतो.

चौघांची म्हटलं, पाच जणांची नाही. सासूबाईंना विचारलंत का? मला वाटतं, त्यांना दिवसभर उन्हात रांगेत उभं राहण्यापेक्षा लेकीच्या घरी निवांत बसायला आवडेल. पण हे आपणच ठरवायचं नाही. ‘आई, तुम्हाला यायचंय का?’ असं सरळ विचारायचं. यायचंय म्हणाल्या तर ज्येष्ठांचं तिकीट किती आहे ते बघा. ‘आय फॉर इंडिया’सारखं बसल्या जागी देशभर उडवून आणणारंही तिथे आहे, सगळंच काही उलटं लटकवणारं नाही. नको म्हणाल्या, तर शुक्रवार त्यांचा. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि तिथून पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांतले दोन गणपती एकाच बाजूला आहेत. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यालाच आहे. त्याच गाडीवाल्याशी दोन दिवसांचं मिळून ठरवलंत तर तो थोडं कमी करेल. नातवंडांची सहल आणि आजीचं दर्शन एका फेरीत झालं, की घरात या खर्चाला कोणी नाक मुरडणार नाही.

आता महिन्याचे १,६०० कुठून आणायचे? त्यात तुमच्या दुधाचे साडेतीनशेही मिळवा, म्हणजे १,९५० झाले.

रविवारपासून सुरू करू, कारण पैसा तिथे आहे. चार रविवार, प्रत्येकी साडेपाचशे, म्हणजे २,२०० रुपये. सगळे बंद करा असं मी म्हणत नाही. आठवडाभर मशीनवर बसलेल्या बाईला एक संध्याकाळ ओट्यापासून सुटी हवीच, आणि बाहेरचं बंद म्हणजे ते तुम्हीच करायचं, असा याचा अर्थ आपल्याकडे लगेच होतो. महिन्यातले दोन रविवार पार्सल, दोन रविवार घरी पावभाजी. पण घरच्या रविवारी भाज्या चिरायच्या लेकीने, पाव भाजायचे मिस्टरांनी, भांडी ज्याची त्याने. घरच्या पावभाजीला दीडशे रुपये लागले तरी महिन्याला आठशे सुटतात.

पाकिटांचं गणित मुलांसमोर मांडा. दोन मुलं, रोज दहा-दहा, महिन्याला सहाशे रुपये. आठवड्यातून तीन दिवस पाकीट, बाकी दिवस घरचा चिवडा नाहीतर दाण्याचा लाडू. पातळ पोहे, दाणे, डाळं, कढीपत्ता, किलोभर चिवडा झाला की डबा वरच्या फळीवर ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल असा ठेवा. सामानाचे पैसे वजा जाऊन अडीचशे वाचतील. दहाच्या पाकिटात हल्ली हवा किती आणि माल किती, तो वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही.

ओटीटी एकच ठेवा. दुसरं नुसतं मोबाईलवरून काढून टाकलं म्हणजे बंद होत नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथे जाऊन ते रद्द करा. तिथे कधीकाळी मोफत महिना म्हणून घेतलेलं आणखी काहीतरी सापडेल, बहुतेक घरांत सापडतं. सासूबाई फोनवर फक्त बोलत असतील तर त्यांना रोजच्या दीड जीबीचं रिचार्ज कशाला? २०२४ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले, ते मागा. दुकानदार आपणहून सांगत नाही. पण त्या नातवाबरोबर व्हिडिओ बघत असतील किंवा रोज लेकीला व्हिडिओ कॉल लावत असतील, तर तिथे हात लावू नका. दोन्हींचे मिळून अडीचशे धरले.

किराण्यात तुम्ही आधीच हात आखडून असाल, म्हणून दोनशेच धरते. यादी एकदाच करा, आणि मधेच मुलाला ‘जा रे, अर्धा किलो साखर आण’ म्हणून पाठवू नका. तो साखरेबरोबर नेहमी आणखी काहीतरी घेऊन येतो. फेब्रुवारी-मार्चात गहू निघाले की ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचे घ्या, डाळीला एरंडेल लावून ठेवा, हे तुम्हाला माहीत आहेच. विजेचं थोडक्यात सांगते. कमी वीज खाणारे नवे बीएलडीसी पंखे चांगले असतात, साध्या पंख्याला सत्तर-ऐंशी वॅट लागतात तिथे त्यांचं तीसेक वॅटमध्ये भागतं. पण एका पंख्याची किंमत वसूल व्हायलाच वर्षाहून जास्त काळ जातो. या सहलीसाठी पंखे बदलू नका. जुना जळाला की घेताना तो घ्या.

झाले दीड हजार. साडेचारशे कमी पडतात.

आता ते, जे तुम्ही सोडून सांगा म्हणालात. रोजचे साठ, महिन्याचे अठराशे. ताई, वर ज्या १,६०० साठी मी चिवड्यापासून ऑटोपेपर्यंत हिंडून आले, ते एकट्या टपरीवर आहेत आणि वर दोनशे उरतात. हे न लिहिता पुढे गेले तर मी तुम्हाला खोटा हिशोब दिला असं होईल. पण वाद नको, हेही मला पटतं. तंबाखू सोडा म्हणून कोणी सोडलेली मी तरी पाहिली नाही, आणि सहलीच्या नावाने तो विषय काढलात तर सहलही त्यातच अडकेल. त्याचं दुखणं वेगळं आहे आणि त्यासाठी डॉक्टरकडे नेलेलं बरं.

तुम्ही एवढंच करा. एक शंभर पानी वही आणा आणि ती लेकीच्या हातात द्या. आठवीतल्या मुलीला टक्केवारी येते, बेरीज येते, आणि बापाला विचारायचा हक्क तुमच्यापेक्षा तिला जास्त आहे. महिनाभर घरातल्या प्रत्येकाने दिवसाचा खर्च तिला सांगायचा. दहाचं पाकीट, दोऱ्याची रिळं, आजीच्या गोळ्या, बाबांची टपरी, सगळं एका ओळीत, कुणाच्याही खर्चावर शेरा न मारता. महिनाअखेरीला बेरीज तिनेच वाचायची. तुम्ही त्या वेळी मशीनवर बसा आणि काही बोलू नका. रोजच्या साठाचे पंचेचाळीस झाले तरी आपले साडेचारशे पूर्ण होतात, आणि तेवढं बरेच बाप आपणहून करतात. नाहीच झालं, तर ब्लाऊजची वाढलेली मजुरी आहे. पण पहिली मागणी त्या मजुरीवर टाकायची नाही.

डब्याचं. ओट्यावरच्या डब्यातले पैसे सहलीचे नसतातच, ते ज्याला आधी गरज लागेल त्याचे असतात. सिलिंडर दर दीड-दोन महिन्यांनी येणारच आहे, तो अचानक येत नाही. त्याचे पैसे घरखर्चातच धरा आणि डबा त्याच्यासाठी आणि दवाखान्यासाठी राहू द्या. सहलीचा पैसा घराबाहेर गेला पाहिजे.

पिग्मीवाला दारात येतो, रोजचे पन्नास नेतो, सोय खरी आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण नसतं. बँकेत, मग ती सहकारी बँक का असेना, ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत ते असतं. सगळ्या पतसंस्था वाईट असं मुळीच नाही. पण लेकरांच्या सहलीचा पैसा आहे, तेव्हा मी तरी बँकच म्हणेन. भिशीचं म्हणाल तर ओळखीच्या बायकांची भिशी चांगलीच, फक्त तुमचा नंबर मार्चमध्ये लागला तर ते पैसे नोव्हेंबरपर्यंत राहतात का, हे तुम्हीच सांगा. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, विश्वासाची, पण ती पाच वर्षांची आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. आपल्याला वर्षाची हवी.

म्हणून तुमच्या स्वतःच्या नावावर बँकेत एक वर्षाची आरडी काढा, १,२०० रुपयांची. १,६०० ची का नाही? कारण सगळे महिने सारखे नसतात. जूनमध्ये वह्या, गणवेश, रेनकोट. पुढच्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक महिना, म्हणजे सासूबाई जावयाला वाण दिल्याशिवाय राहायच्या नाहीत. तेहतीस अनारसे, वर कपडे, जमलं तर चांदीचं काही. नणंदेकडेच आपण राहायला जाणार, तिथे हात आखडून चालणारही नाही. त्या दोन महिन्यांत १,६०० चा हप्ता चुकला तर तुमचं मन मोडेल, आणि एकदा चुकला की आरडी मोडायचा विचार डोक्यात येतो. १,२०० कसेही जातील. उरलेले महिन्याचे चारशे, म्हणजे वर्षाचे ४,८००, बचत खात्यात टाका. डिसेंबर ते मे लग्नसराईत जास्त, जूनमध्ये शून्य. व्याजावर फार जाऊ नका, साडेसहा टक्के धरले तरी बाराशेच्या आरडीवर वर्षाला पाचेकशे रुपये मिळतात. मुलांच्या आईस्क्रीमचे झाले.

कोणी फोन करून तुम्हाला मोफत सहल लागलीय म्हणालं, किंवा दरमहा हप्ता भरा, वर्षाने फिरवून आणतो म्हणालं, तर फोन ठेवा. तिकिटासाठी ईएमआय तर नकोच. झुल्यात बसून झाल्यावर सहा महिने हप्ते भरायला कुणाला बरं वाटतं?

पार्कात पैसा जातो तो खाण्यावर. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबे भरून नेऊन दारात वाद घालू नका. सकाळी नणंदेकडून पोटभर खाऊन निघा, थालीपीठ-दही खाल्लेलं मूल दुपारी एकपर्यंत काही मागत नाही. आत एकच जेवण. संध्याकाळी बाहेर आल्यावर गाडीत ठेवलेल्या दशम्या आणि चटणी. द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला थांबलात तर आत वाचवलेलं तिथे जाईल. मुलांचे पाचशे-पाचशे सकाळीच त्यांच्या हातात द्या आणि सांगा, यात काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पुन्हा मागायचं नाही. किल्लीची साखळी की टोपी, यावर ती जेवढा वेळ घालवतील तेवढा वेळ तुम्हाला बसायला मिळेल.

शेजारी वॉटर पार्कही आहे, त्याचं तिकीट वेगळं. एका दिवसात दोन्ही करायच्या भरीला पडू नका, कशाचेच पैसे वसूल होत नाहीत. तरीही मुलांनी पाण्याचा हट्ट धरला आणि इमॅजिकाऐवजी तेच ठरलं, तर सुती कपडे तिथे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचे लागतात. आत भाड्याने घेण्यापेक्षा कराडच्या बाजारातून आणा, आणि कमरेला घट्ट-सैल करायला तुमचं मशीन आहेच.

आरडी सोमवारी, ३ नोव्हेंबरला काढलीत तर ती पुढच्या वर्षी ३ नोव्हेंबरला, मंगळवारी हातात येते, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या पाच दिवस आधी. मिस्टरांचा बोनस येईल तो दिवाळीलाच जाऊ द्या, सहलीच्या हिशोबात तो धरलेला नाही. एसटीचं आरक्षण ऑक्टोबरात बचत खात्यातल्या पैशांतून करा. पार्काची तिकिटं ३ तारखेला ऑनलाइन काढा. काढण्याआधी दोन गोष्टी वाचा, त्या दिवसाचा दर सणाचा म्हणून वाढवलाय का, आणि कुणी आजारी पडलं तर तारीख बदलून मिळते का. गुरुवारचा दर चढा असेल तर गुरुवार सासूबाईंच्या गणपतींना द्या आणि पार्क शुक्रवारी करा.